गावाचा नकाशा आणि माणसाची आठवण



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तिचे पाहून महाराष्ट्रात गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. त्यांच्या व्यासपीठांवरून इतिहास म्हणून राजे, लढाया, तह आणि सनदा यांविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. ते आवश्यकच होते. आज मात्र मी आपल्यापुढे इतिहासाचे एक निराळे साधन ठेवणार आहे. ते कोणत्याही दप्तरखान्यात मिळत नाही, त्याला वाळवी लागत नाही. पण माणूस गेला की ते त्याच्याबरोबर जाते. प्रत्येकाच्या मनात आपल्या गावाचा एक नकाशा असतो, आणि तो उलगडून दाखवताना माणूस काही गोष्टी सांगतो. त्या नकाशाविषयी आणि त्या गोष्टींविषयी मी बोलणार आहे.

समजा, या सभेतील प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि सांगितले, की आपल्या घरापासून पंचगंगेच्या घाटापर्यंतची वाट नुसत्या आठवणीने काढा. दोन कागद एकसारखे निघायचे नाहीत. कोणाच्या कागदावर राजवाडा मध्यभागी येईल, तर कोणाच्या कागदावर मलाबादे चौक. सायझिंगमध्ये उभा जन्म काढलेला मनुष्य रस्त्यांची नावे न लिहिता शेडांची नावे लिहील. कांडी भरायला जाणारी बाई दोन शेडांमधली अशी एक आडवाट काढील, की जी नगरभूमापनाच्या नकाशात शोधून सापडायची नाही. रात्रपाळी करणाऱ्याच्या कागदावर चहाची टपरी देवळापेक्षा मोठी होईल. अंतरे चुकतील, दिशा फिरतील, मधल्या चार गल्ल्या साफ गळून जातील. आता प्रश्न असा, की हे कागद चुकीचे म्हणून टाकून द्यायचे, की त्यांतून काही वाचायचे?

केव्हिन लिंच नावाच्या एका अमेरिकन नगररचनाकाराने नेमका हाच प्रयोग केला. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतील रहिवाशांना त्याने आपापल्या शहराचे नकाशे आठवणीने काढायला लावले, त्यांच्याशी बोलणे केले, आणि १९६० साली त्यावर एक पुस्तक लिहिले. माणूस शहर लक्षात ठेवतो ते वाटा, कडा, विभाग, नाकी आणि ठळक खुणा यांच्या आधाराने, असे त्याने दाखवले. लिंचला उद्याचे शहर कसे बांधावे हे पाहायचे होते. आपल्याला कालचे गाव कसे होते ते पाहायचे आहे. शिवाय, नवे शास्त्र म्हटले की ते पश्चिमेकडूनच यायचे, असे समजण्याची आपली जी खोड आहे, ती येथे तरी सोडली पाहिजे. कारण आठवणीने जागा नोंदवण्याचे काम मराठी भाषेत सहा-सातशे वर्षांपूर्वी झालेले आहे, आणि तेही इतक्या बारकाईने, की वाचणाऱ्याने थक्क व्हावे.

मी महानुभावांच्या ‘स्थानपोथी’विषयी बोलतो आहे. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य पोरके झाले. ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याजवळ आठवणींखेरीज काही उरले नव्हते. तेव्हा म्हाइंभटाने त्या आठवणी गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. तो नागदेवाचार्यांना विचारी, इतरांना विचारी; जो प्रसंग ज्याने पाहिला असेल त्याच्याकडून तो ऐकावा, असा त्याचा कटाक्ष असे. अशा रीतीने शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या अखेरीस, ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून आपण त्याचा गौरव करतो, पण तो मुळात साक्षी गोळा करून रचलेला ग्रंथ आहे, ही गोष्ट कित्येकदा विसरतो.

‘स्थानपोथी’ ही त्याच्या पुढची पायरी. ती चौदाव्या शतकातली. स्वामी ज्या ज्या गावी राहिले, त्या त्या गावाची तीत नोंद आहे. गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ आहे, देवळाचे दार कोणत्या दिशेला आहे, मठ कोठे, स्वामींचे आसन कोठे, ते जेवत कोठे, निजत कोठे, फिरायला कोणत्या बाजूला जात, सारे त्यात आहे. पैठण, डोमेग्राम, ऋद्धपूर अशी एकेक गावे घेऊन कर्ता वाचकाला हाताला धरून नेतो. त्यात वर्णनाचा फुलोरा नाही आणि तत्त्वज्ञानही नाही. एखाद्या गवंड्याने किंवा भूमापकाने लिहावे तसे रोखठोक लिहिले आहे.

असे का लिहिले असावे? माझी समजूत अशी आहे, की ज्या पिढीला स्वामी पाहायला मिळाले नाहीत, तिला निदान त्यांची जागा तरी पाहता यावी, ही त्यामागची तळमळ. जागा सापडली की तेथली गोष्ट सांगता येते, आणि गोष्ट सांगता आली की आपण कोण आहोत हे कळते. महानुभावांनी पुढे त्या जागांवर ओटे बांधले. एका विखुरलेल्या पंथाने आपली ओळख शाबूत ठेवली ती या स्थळांच्या माळेवर. राजाश्रय नाही, मोठी देवळे नाहीत, उलट समाजाचा रोष. अशा स्थितीत त्यांनी हा एक शब्दांचा नकाशा जपला.

त्यातही विशेष असे, की हा नकाशा एकमुखी नाही. परंपरा सांगते, की पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी नष्ट झाली, आणि मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून तिची पुन्हा उभारणी करावी लागली. हिराइसा नावाच्या एका विलक्षण स्मरणशक्तीच्या स्त्रीचा पाठ त्यांत प्रमुख. परशरामबासांचा पाठ निराळा. आणखीही पाठ आहेत. एक जण म्हणतो प्रसंग या गावी घडला, दुसरा म्हणतो त्या गावी. लिहिणाऱ्यांनी काय केले? त्यांनी एकाला खोटे ठरवून दुसऱ्याचे उचलले नाही. कोणाची ‘वासना’ कोणती, म्हणजे कोणाचे स्मरण काय आहे, ते त्याच्या नावासह नोंदवून ठेवले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यासारख्या आवृत्तीत पाठभेद देताना आजचा संपादक जी शिस्त पाळतो, तिचे मूळ या जुन्या लिहिणाऱ्यांच्या प्रामाणिकपणात आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

येथे कोणी सुज्ञ श्रोता आक्षेप घेईल, की इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींची जी हजेरी घेतली तिचे काय? आठवणीवर विसंबून लिहिलेल्या बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागद शतपटीने मोलाचा, हे त्यांनी आपल्याला शिकवले नाही काय? शिकवले, आणि ते योग्यच होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. त्या खंडांनी मराठ्यांच्या इतिहासाचा पाया घातला. लढाई कोणत्या तिथीला झाली, तहाची कलमे कोणती, हे आठवणीला विचारू नये. मात्र अस्सल कागद हा लिहिणाऱ्याच्या गरजेचा कागद असतो. ज्याला सारा वसूल करायचा आहे तो साऱ्यापुरते लिहितो. घरापासून विहिरीपर्यंत जाताना बाईला कोणती वाट वर्ज्य होती, हे जमाबंदीच्या कागदात कशाला येईल? जेथे कागदच नाही तेथे राजवाड्यांचा नियम लावून गप्प बसायचे ठरवले, तर समाजाचा फार मोठा भाग इतिहासाबाहेर राहतो.

आठवण चुकते तरी तिचे मोल कसे टिकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने हा गरीब भिक्षुक कोकणातून उत्तरेकडे निघाला. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, अशी वार्ता त्याने ऐकली होती. वाटेत बंडाने गाठले. तो झाशीच्या वेढ्यात सापडला, लुटला गेला, जिवावरच्या प्रसंगांतून वाचला, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतला. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे सारे १८८३ च्या सुमारास लिहून काढले, म्हणजे प्रसंगानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. पुस्तक ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली निघाले, तेही वैद्यांनी संस्कार केलेले. मूळ लिखाणाप्रमाणे आवृत्ती यायला १९६६ साल उजाडले आणि दत्तो वामन पोतदारांचे हात लागले. लष्करी इतिहासासाठी गोडसे भटजी हा कच्चा साक्षीदार आहे. ऐकीव आणि पाहिलेले त्याच्याकडे मिसळले जाते. पण त्याच्या मनातला हिंदुस्थान पाहा! त्यात नद्या आहेत, तीर्थे आहेत, दक्षिणा देणारे दरबार आहेत, ओळखीच्या दक्षिणी ब्राह्मणांची घरे आहेत. कंपनीच्या भूमापकांनी १८०२ पासून त्रिकोण मोजून जो हिंदुस्थान कागदावर आणला, त्याच्याशी या नकाशाचा काडीचा संबंध नाही. बंडाचा वणवा पेटला तो या दुसऱ्या नकाशावरही पेटला, आणि तेथे तो कसा दिसला हे सांगणारा साक्षीदार आपल्याजवळ हा एवढाच भिक्षुक आहे.

आता जरा घराजवळ येऊ. आपल्यापैकी पुष्कळांनी आपला नकाशा आपल्या आडनावात ठेवला आहे. गावाच्या नावाला ‘कर’ लावायचा आणि ते पिढ्यान्‌पिढ्या मिरवायचे, ही आपली रीत. यातली एक गंमत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गावात असेपर्यंत गावाच्या नावाने माणसाला कोणी हाक मारीत नाही. ते गाव सोडल्यावरच ते त्याला चिकटते. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९ ते १९२६) यांचेच पाहा. ग्वाल्हेरची गायकी त्यांनी महाराष्ट्रात रुजवली, आणि आपल्या गावाचे नाव जेथे जेथे गाणे जाते तेथे तेथे गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर जन्मले कुरुंदवाडास, घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावावरून ते झाले पलुसकर. आणि या पलुसकरांनी १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढले ते कोठे, तर लाहोरात! पंजाबातल्या किती विद्यार्थ्यांनी पलूस हा शब्द उच्चारला असेल, पण ते गाव कोठे आहे हे त्यांना कधी कळले असेल काय?

याच्याही पुढची कथा कोकणातल्या बेने इस्रायलांची आहे. फुटलेल्या जहाजातून वाचून आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत कथा. मग ते अलिबाग-पेणच्या गावांत पसरले आणि किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर झाले. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. त्यांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले आणि आडनावांतली कोकणातली गावे टिकवून धरली. ज्या देशाची आस धरून हजारो वर्षे प्रार्थना केली, त्या देशात पोचल्यावर त्यांच्या नावाने मागे वळून कुलाब्याकडे पाहावे, यात मला तरी मोठे काव्य दिसते.

आमच्या जहागिरीच्या घराण्याची तऱ्हा मात्र वेगळी. मूळ पुरुष नारो महादेव जोशी. त्यांनी संताजी घोरपड्यांच्या पदरी सेवा केली, आणि धन्याविषयीच्या कृतज्ञतेने स्वतःचे आडनाव टाकून घोरपडे हे आडनाव घेतले. त्यांचे पुत्र व्यंकटराव यांना पेशवे बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई दिली होती. हे आडनाव म्हणजे गावाची खूण नव्हे; ते एका माणसाशी असलेल्या नात्याची खूण आहे. तात्पर्य, ओळख जागेवरून ठरते तशी ती ऋणावरूनही ठरते, आणि आपला नकाशा काढू पाहणाऱ्याला दोन्हींसाठी जागा ठेवावी लागते.

जुन्या काळी जमिनीचा नकाशाही शब्दांतच असे. १८३६ पासून मुंबई इलाख्यात इंदापुराकडून नव्या पद्धतीची मोजणी सुरू झाली, सर्व्हे नंबर पडले, दगड रोवले गेले. त्याआधीचे कोणतेही खरेदीखत किंवा इनामपत्र काढा, त्यात चतुःसीमा असते: पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचे शेत, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस आंब्याचे झाड. ती आजच्या दस्तांतही टिकली आहे. झाड वठते, ओढा सरकतो, शेजारी मरतो. मग शिवेचा तंटा उभा राहतो. तंटा तोडायचा कोणी? ज्याला शीव पाठ आहे त्याने. आणि गावाची शीव सर्वांत पक्की पाठ असे ती गावच्या महाराला. शीव राखणे हे त्याचे वतनी काम होते, शिवेच्या वादात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. हे वाचताना माझ्या मनाला दर वेळी टोचणी लागते. ज्याच्या डोक्यात अवघ्या गावाचा नकाशा होता, त्याला गावकुसाच्या आत घर नव्हते. ज्याच्या शब्दावर इतरांच्या जमिनीची हद्द ठरे, त्याला पाणवठ्याला शिवण्याची बंदी होती.

म्हणूनच एकाच गावाचे दोन नकाशे मांडून पाहिल्याशिवाय गाव कळत नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, तेव्हा पांढरपेशा वाचकाला धक्का बसला तो भाषेचा जितका, तितकाच भूगोलाचा. जे गाव त्याने ललित लेखांत शंभरदा वाचले होते, त्याला मागच्या बाजूने प्रवेश होता हे त्याला ठाऊकच नव्हते. आपल्याच हातकणंगले तालुक्यातले माणगाव घ्या. कित्येकांच्या लेखी ते एस. टी.च्या वाटेवरचे एक गाव. पण २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तेथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, शाहू महाराज स्वतः आले, आणि तरुण आंबेडकर हेच तुमचे पुढारी, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. ज्या घरांतून त्या परिषदेला माणसे चालत गेली, त्या घरांच्या नकाशात माणगाव मध्यभागी असते.

बायकांचा नकाशा आणखी वेगळा. त्याला दोनच टोके, सासर आणि माहेर. मधली वाट, वाटेवरचा ओढा, माहेरच्या गावाची कमान आणि बंधूची गाडी. जात्यावरच्या ओवीत हा नकाशा हजारो वेळा काढला गेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता घरोघरी जाते उरले नसताना तो संग्रहच त्या नकाशाचे दप्तर झाला आहे. इरावती कर्वे पालखीबरोबर चालत पंढरीला गेल्या आणि त्या वाटेवर त्यांना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सुचली: ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. विदुषीला जे संशोधनाने सापडले नाही, ते बायकांबरोबर चालता चालता सापडले.

आता इचलकरंजीचा स्वतःचा हिशोब मांडू. आपल्या जहागिरीचा इतिहास मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांच्यासारख्या अव्वल दर्जाच्या संशोधकाने लिहिला. इतके भाग्य भल्या भल्या संस्थानांच्याही वाट्याला आले नाही. पण त्या ग्रंथातली इचलकरंजी ही वाड्याची, सनदांची आणि स्वाऱ्यांची. त्यानंतर जी इचलकरंजी झाली, ती मागाची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग बसवला; श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला उत्तेजन दिले; आणि पुढल्या पिढ्यांत हातमागाचे गाव यंत्रमागाचे शहर झाले. २०२२ साली त्याची महानगरपालिकाही झाली. या इचलकरंजीचा खरे कोठे आहे?

हे शहर बाहेरून आलेल्या माणसांनी विणले आहे. कोष्टी आणि देवांग विणकर आले, कर्नाटकातून आले, सोलापूरकडून तेलुगू बोलणारे आले, मारवाडातून सुताचे व्यापारी आले, आणि अलीकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून तरुण कामगार येतात. प्रत्येकाच्या मनात दोन नकाशे आहेत, एक सोडलेल्या गावाचा आणि एक या गावाचा. दोन नकाशे कोठे जोडले जातात हे त्यालाच विचारले पाहिजे. पहिल्या रात्री निजायला जागा कोणी दिली? कोणत्या शेडमध्ये माग हाती आला? खर्चीवाल्याकडे किती वर्षे काढली? वहिफणी कोणाकडून शिकला, जॉबर केव्हा झाला? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही गॅझेटिअरात मिळणार नाहीत. इकडे जुने साधे माग भंगारात जात आहेत, धोट्यावाचून चालणारे नवे माग येत आहेत, पत्र्याच्या शेडा पडून तेथे इमले उठत आहेत. शेड पडली की तिच्यातली आठवण लगेच नाहीशी होत नाही. पण ती कोठे टेकवावी याला जागा राहत नाही, आणि मग ती विरत जाते.

राजवाड्याचेच उदाहरण घ्या. १९८२ साली दत्ताजीराव कदम यांच्या नावाच्या संस्थेने वस्त्रोद्योगाचे आणि अभियांत्रिकीचे महाविद्यालय काढले, ते राजवाड्यात नांदू लागले. एका म्हाताऱ्याच्या नकाशात तो श्रीमंतांचा वाडा, त्याच्या नातवाच्या नकाशात ते कॉलेज. दोघेही एकाच दारातून आत गेलेले, पण एकाने पायातल्या वहाणा हातात घेतल्या असतील, दुसऱ्याने खांद्यावर पिशवी टाकलेली असेल. नदीचेही तसेच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती या पाच मिळून पंचगंगा होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते, हे शाळेत सर्व शिकतात. पण एका पिढीच्या आठवणीत ती पोहायची आणि ओंजळीने प्यायची नदी आहे; दुसरीच्या आठवणीत २०१२ सालची काविळीची साथ आहे; आणि २००५, २०१९, २०२१ या सालांचे महापूर ज्यांच्या घरात शिरले त्यांच्या नकाशावर भिंतीवरची पाण्याची रेघ हीच मोठी खूण आहे. पुराची ही रेघ कोणत्या गल्लीत कोठवर आली, हे ज्याने पाहिले त्याच्याकडून लिहून घेणे हे नुसते इतिहासाचे काम नाही. पुढच्या पावसाळ्यात ते कोणाच्या तरी जिवाशी गाठ घालणारे आहे.

गावच नाहीसे झाले तर काय होते, तेही आपल्याजवळ घडलेले आहे. कोयनेच्या धरणाखाली खोऱ्यातली गावे गेली आणि तेथली माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत नेऊन वसवली गेली. उजनीच्या जलाशयाने इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव गिळले. त्या गावचे पळसनाथाचे प्राचीन देऊळ उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की वर येते. मग जुने गावकरी तेथे जातात आणि मुलांना चिखलात उभे करून दाखवतात, की येथे चावडी होती, येथून वाट जाई. युरोपातल्या ज्यूंची जी गावे दुसऱ्या महायुद्धात मुळासकट उखडली गेली, त्यांतल्या वाचलेल्या लोकांनी जगभर विखुरल्यावर स्मरणग्रंथ काढले. पुष्कळ ग्रंथांत आठवणीने काढलेला गावाचा नकाशा असतो: कोणाचे दुकान, कोणाचा भटारखाना, प्रार्थनामंदिर, बाजार. त्या नकाशांत मापाच्या चुका असतात. पण त्या गल्ल्यांत कोण राहत होते, हे सांगणारा त्यांहून बरा कागद बहुधा नसतो.

तेव्हा करायचे काय, असे आपण विचाराल. मोठ्या संस्थेची वा पैशाची वाट पाहण्याचे कारण नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासमोर एक मोठा कागद ठेवावा आणि म्हणावे, ‘आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हाची गल्ली काढा.’ ‘मला कुठे चित्र येतंय,’ असे त्या म्हणतीलच. तेव्हा पेन्सिल आपण धरावी आणि बोट त्यांचे फिरू द्यावे. अमुक साली काय झाले, असे विचारू नये. साल विचारले की म्हातारे माणूस बिचकते आणि परीक्षेला बसल्यासारखे बोलू लागते. विहीर कोठे होती, पाण्याला कोणाबरोबर जात होता, कोणत्या दारापुढून जाताना पदर सावरावा लागे, असे विचारावे. गोष्टी आपोआप येतात. मध्ये ‘नाही, नाही, ते देऊळ अलीकडे होते’ असे म्हणून त्यांची चूक दुरुस्त करण्याचा मोह नातवंडांना फार होतो. तो आवरावा. देऊळ खरोखर कोठे आहे हे उद्या जाऊन पाहता येईल. ते त्यांच्या मनात पलीकडे का गेले, हे आज विचारले नाही तर कधीच कळणार नाही.

त्यानंतर इतिहासाची शिस्त आलीच पाहिजे. नाहीतर सारा खेळ होऊन बसेल. एका गल्लीचे एकच चित्र घेऊन थांबू नये. निदान तीन माणसांची घ्यावी, आणि ती तीन निरनिराळ्या दारांची असावीत: मालकाचे, कामगाराचे, भाडेकरूचे. पुरुषाचे आणि बाईचे. मग नगरभूमापनाचा उतारा, घरपट्टीची जुनी पावती, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, काय मिळेल ते शेजारी ठेवून ताडून पाहावे. जुळेल ते शाईने पक्के करावे. जुळणार नाही ते खोडू नये. महानुभावांनी केले तसे ज्याचे त्याच्या नावावर लिहून ठेवावे. आणि सांगणाऱ्याने जे सांगितले पण लिहू नको म्हटले, ते लिहू नये. शेजाऱ्यांची उणीदुणी गोळा करणे म्हणजे इतिहास नव्हे.

कागदाच्या पाठीवर सांगणाऱ्याचे नाव, वय, त्या गल्लीत केव्हापासून केव्हापर्यंत राहणे झाले ते, आणि कागद केला त्या दिवसाची तारीख लिहावी. एक प्रत घरी ठेवावी, एक गावातल्या वाचनालयात द्यावी. पावसाळा लागण्याच्या आत नदीकाठच्या गल्ल्यांपासून सुरुवात केली तर बरे.